सुगंधी जिरेनियम: पुण्याच्या पावसाळ्यातून ते वाचवावे कसे आणि त्याची पाने वापरावीत कशी

सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, गुलाबाच्या वासाच्या पानांचे जिरेनियम त्यांनी आजवर दोनदा आणले. दोन्ही वेळा हिवाळ्यात ते झुडूप डोळ्यांत भरण्याइतके वाढले, मे महिन्याचे ऊनही त्याने कसेबसे काढले, आणि जुलैत मात्र आठवडाभरात बुडापासून काळे पडून गेले. यंदा दिवाळीनंतर त्यांनी तिसरे रोप आणले आहे. ते टिकवायचे कसे, त्याची पाने खाण्यात वापरता येतात का, आणि विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे या झाडाने डास खरोखर पळतात का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

यांतला पहिला प्रश्नच खरा मोठा आहे, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावर खर्च करते. आपली दोन्ही झाडे पुण्याच्या पावसाने मेली, आणि तीही अंगावर पडलेल्या पावसापेक्षा कुंडीच्या तळाशी साचून राहिलेल्या ओलीने. मी सहकारनगरात गच्चीवर ही झाडे गेली बावीस वर्षे वाढवते आहे आणि पहिली चार वर्षे माझ्याकडेही अगदी हेच घडत असे. मी दोष उन्हाला देत असे, कारण मेअखेर पाने पिवळी पडू लागलेली असत. मग मी पाणी वाढवी, वर मूठभर शेणखत घाली, आणि त्या लाडातच झाड पावसाळ्याच्या तोंडी नेमके नको तितके लुसलुशीत होऊन बसे. जूनमध्ये रोप लावावे म्हणजे पावसाने ते धरते, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांना बरोबर लागू पडतो. जिरेनियमचे वर्ष मात्र दसऱ्याला सुरू होते आणि मृगाला संपते, हे एकदा ध्यानात घेतले की पुढची बहुतेक कामे आपोआप योग्य महिन्यांत जाऊन बसतात.

कारण त्याच्या मूळ घरात आहे. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ती वनस्पती शास्त्रीय दृष्टीने पेलार्गोनियम होय. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने खरे जिरेनियम आणि पेलार्गोनियम हे दोन्ही गट जिरेनियम या एकाच नावाखाली ठेवले होते. लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये ते वेगळे केले, पण तोवर माळ्यांच्या तोंडी जुने नाव इतके रुळले होते की ते आजतागायत सुटलेले नाही. पेलार्गोनियमच्या बहुतांश जाती दक्षिण आफ्रिकेच्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा नैर्ऋत्य टोकाच्या त्या पट्ट्यातल्या, जिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे ओल आणि ऊब एकदमच येतात. जुलैत पुण्याचे कमाल तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, हवा दमट असते, आणि कुंडीतली माती एकदा भिजली की सुकायचे नावच घेत नाही. अशा मातीत पिथियमसारखे रोगकारक जोमाने वाढतात, मुळे कुजतात आणि कूज खोडात वर चढते.

ही कूज ओळखायला सोपी आहे, पण ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आधी एक-दोन फांद्या दुपारी माना टाकतात. आपण समजतो की पाणी कमी पडले, आणि पाणी घालतो. खोडाच्या बुडाशी, मातीला लागूनच, बोटभर भाग काळपट व ओलसर दिसतो. त्यावर नख दाबले तर साल सहज सरकते आणि आत हिरव्याऐवजी तपकिरी, चिकट गर लागतो. विशेष म्हणजे वरची पाने त्या वेळीही चुरगळली असता तितकाच सुंदर वास देतात, त्यामुळे माणूस आशेवर राहतो. तसे करू नये. नखाला तपकिरी गर लागला की ते झाड वाचत नाही. त्याच दिवशी शेंड्याकडच्या निरोगी, आतून स्वच्छ हिरव्या असलेल्या काड्या काढून घ्याव्यात आणि उरलेले झाड मातीसकट टाकून द्यावे. ती माती दुसऱ्या कुंडीत मिसळण्याची काटकसर मी एकदा केली होती. तिच्यापायी पुढच्या वर्षी तीन रोपे गेली.

मातीपासूनच सुरुवात करू. पुण्यात सहज मिळणारी काळी माती या झाडाला मुळीच चालत नाही. ती पाणी धरते, फुगते आणि सुकली की भेगाळून मुळे तोडते. रोपवाटिकेतून येणारी रोपे आजकाल बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात आणि तीही तशीच्या तशी मोठ्या कुंडीत बसवली जातात. हिवाळ्यात त्याने काही बिघडत नाही, उलट रोप झपाट्याने वाढते. पावसाळ्यात मात्र तो कोकोपीटचा गोळा मुळांभोवती ओल्या स्पंजासारखा बसून राहतो. आपल्या दोन्ही झाडांच्या मुळांशी तो तसाच राहिला असावा, अशी माझी दाट शंका आहे. मी वापरते ते मिश्रण असे: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, दोन भाग विटांचा जाडसर चुरा किंवा चाळून घेतलेली जाड वाळू, आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, यात कुंडीमागे दोन चमचे निंबोळी पेंड. हातात घेऊन मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर ढेकूळ बोटाच्या टिचकीने फुटले पाहिजे. फुटत नसेल तर चुरा आणखी घालावा. विटांचा चुरा विकत आणण्याची गरज पडत नाही, कारण पुण्यात कुठल्या ना कुठल्या गल्लीत बांधकाम चाललेलेच असते; मात्र त्यात सिमेंट मिसळलेले नाही एवढे पाहावे.

कुंडी मातीची असावी, आठ ते दहा इंचांची, आणि रोपाच्या मानाने लहानच असावी. मोठ्या कुंडीत छोटे रोप लावले की मुळे न पोचलेली माती ओलीच राहते आणि तिथूनच कूज सुरू होते. प्लास्टिकची कुंडी वापरायचीच असेल तर तळाची भोके तापवलेल्या खिळ्याने वाढवून घ्यावीत. कुंडीखालच्या ताटल्यांविषयी मी थोडी हट्टी आहे: जून ते ऑक्टोबर त्या काढून ठेवाव्यात. ताटलीत साचलेले पाणी तळाच्या भोकांतून पुन्हा वर शोषले जाते, आणि डेंग्यूचे डास तर याच पाण्यात वाढतात. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. डास पळावेत म्हणून झाड आणायचे आणि त्याच्याच ताटलीत ते वाढवायचे, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. खालच्या मजल्यावर पाणी गळण्याची अडचण असेल तर ताटलीत दोन विटकरींचे तुकडे ठेवून कुंडी त्यांवर बसवावी आणि ताटली रोज ओतून पुसून घ्यावी.

पाण्याच्या बाबतीत दिवस ठरवून घेऊ नयेत. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावी. तिथे कोरडे लागले तरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि मग पुन्हा कोरडे होईपर्यंत हात लावू नये. हिवाळ्यात हे चार-पाच दिवसांनी येते, एप्रिल-मेमध्ये दिवसाआड, आणि पावसाळ्यात आडोशाला ठेवलेल्या कुंडीला कधी कधी दहा-बारा दिवसांनी. काही दिवसांच्या सवयीने कुंडी नुसती उचलून तिच्या वजनावरूनच कळू लागते. तहानेने मलूल झालेले जिरेनियम पाणी मिळताच संध्याकाळपर्यंत उभे राहते. जास्त पाण्याने मलूल झालेले राहत नाही.

उन्हाचे गणित पुण्यात सोपे आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जितके ऊन मिळेल तितके द्यावे, निदान पाच तास. वास त्यानेच भरतो. मार्चपासून सकाळी अकरापर्यंतचे ऊन पुरे. पूर्वेची बाल्कनी असेल तर काहीच करावे लागत नाही. पश्चिमेची असेल तर हिरवी जाळी लावावी, नाहीतर तापलेल्या ग्रिलला टेकलेली पाने करपतात. मेमध्ये पाने लहान व पिवळसर होऊन वाढ थांबते, त्यावर खताचा मारा करू नये. चाळिशीच्या तापमानात झाड स्वतःच थांबून राहते. खत एकूणच कमी द्यावे. ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत मूठभर गांडूळखत एवढे मी देते. नत्र जास्त झाले की पाने मोठी, गडद आणि दिसायला देखणी होतात, पण चुरगळून पाहिली तर वास पातळ येतो.

आता पावसाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्या छपराखाली घ्याव्यात, मात्र घराच्या आत नव्हे. दिवाणखान्यात वारा नसतो आणि झाड उंच, फिकट व ढिले होते. बाल्कनीत भिंतीलगतची जागा, खिडकीचा सज्जा, जिन्यातली उजेडाची उघडी कोनाडी, असे काहीही चालते. त्याआधी मे महिन्याच्या मध्यावर बुडाजवळची जुनी पाने काढून टाकावीत आणि आतल्या गिचमिड फांद्या विरळ कराव्यात, म्हणजे वारा खेळतो. मोठी छाटणी मात्र तेव्हा करू नये, कारण ओल्या हवेत जखमा लवकर भरत नाहीत. जून ते सप्टेंबर खत नाही, कुंडी बदलणे नाही, काड्या लावणे नाही. आपण सिंहगड रस्त्याला राहता, म्हणजे हडपसरच्या मानाने आपल्याकडे पाऊस जास्त आणि वाऱ्याने तिरका येणारा असतो, तेव्हा बाल्कनीत असूनही कुंडी भिजते का, हे पहिल्याच जोराच्या सरीला उभे राहून पाहून घ्यावे. व्यावसायिक शेतीतही हीच अडचण आहे. तेलासाठी जिरेनियम घेणाऱ्या मैदानी भागातल्या शेतकऱ्यांसाठी लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मातृरोपे पावसाळ्यात प्लास्टिकच्या साध्या छपराखाली सांभाळण्याची कमी खर्चाची पद्धत बसवून दिली आहे. एकरभर लागवड करणाऱ्यालाही हे झाड पावसात उघडे ठेवता येत नसेल, तर आपल्या बाल्कनीत ते मेले याचे फार वाईट वाटून घेऊ नये.

इतके करूनही मोठे झाड कधी कधी जाते. तीन वर्षांनंतर त्याचे खोड लाकडासारखे होते आणि त्यानंतर ते तसेही फारसे देखणे राहत नाही. म्हणून माझा भरवसा झाडापेक्षा काडीवर असतो. दरवर्षी नोव्हेंबरात चार आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला चार काड्या मी लावतेच; फेब्रुवारीतली रोपे जूनपर्यंत चार इंची कुंडीत बऱ्यापैकी जून होतात, आणि ती कुंडी इतकी लहान असते की एका सज्जावर सहा मावतात आणि माती दोन दिवसांत सुकते. पावसाळा पार करतात ती बहुतेक हीच.

काडी लावण्याची रीत जरा नीट सांगते, कारण यात गुलाबाची सवय आड येते. फुलावर नसलेली, पेन्सिलीहून थोडी बारीक फांदी निवडावी; अगदी कोवळी असेल तर ती कुजते आणि तपकिरी साल आलेली असेल तर मुळे धरत नाही, तेव्हा हिरवी पण वाकवल्यावर कट्‌कन मोडेल अशी घ्यावी. शेंड्यापासून चार-पाच इंच मोजून एका पेराच्या लगेच खाली धारदार ब्लेडने आडवा काप द्यावा. कात्रीने देठ चेपला जातो. खालच्या दोन-तीन पेरांवरची पाने तोडावीत, आणि त्याचबरोबर पेरापाशी चिकटलेली, कागदासारखी इवलीशी उपपर्णेही नखाने काढावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक लोक ते गाळतात, पण मातीखाली गेलेली ती उपपर्णेच आधी कुजतात. मग काड्या चार-सहा तास, हवे तर रात्रभर, वर्तमानपत्रावर सावलीत पडू द्याव्यात. सकाळी काप कोरडा व किंचित ताणल्यासारखा दिसतो. पाने जरा मलूल होतात, त्याने घाबरू नये.

त्यानंतर निम्मी वाळू व निम्मे कोकोपीट अशा ओलसर मिश्रणात पेन्सिलीने भोक करून काडी दोन पेरे आत जाईल अशी बसवावी आणि बोटाने भोवतीची माती दाबावी. मूळ फुटण्याची पूड लागत नाही. वरून प्लास्टिकची पिशवी मुळीच घालू नये. गुलाबाला ती मानवते, या केसाळ पानांवर मात्र दमटपणाने बुरशी येते. उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवून चार-पाच दिवसांनी थोडे पाणी द्यावे. तीन ते चार आठवड्यांत शेंड्याला नवे पान येते. काडी हलकेच ओढून पाहिल्यावर तिने धरून ठेवल्यासारखे वाटले की मुळे सुटली. नव्या रोपाला सहा-सात पाने झाली की शेंडा खुडावा म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. खुडलेला शेंडा स्वयंपाकघरात जातो.

आता जातींविषयी थोडेसे, कारण वापर त्यावर अवलंबून आहे. पुण्यात मिळतो तो बहुतेक गुलाबगंधी प्रकार: खोल कातरलेली, खरखरीत पाने, फिकट गुलाबी बारीक फुले. लिंबाच्या वासाचा पेलार्गोनियम क्रिस्पम हा ताठ उभा वाढतो आणि त्याची नखाएवढी, काठांना चुण्या पडलेली पाने असतात. पेपरमिंटच्या वासाच्या टोमेंटोसमची पाने तळहाताएवढी व मखमली असून त्याला सावली चालते. उत्तरेकडच्या बाल्कनीसाठी तो एकच प्रकार मी सुचवीन, पण पावसाळ्यात सगळ्यांत नाजूकही तोच. सफरचंदाच्या आणि जायफळाच्या वासाचेही प्रकार आहेत. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते तेव्हा अशा वेगळ्या जाती कधी कधी पाहायला मिळतात. घेताना पान स्वतः चोळून पाहावे, नावावर जाऊ नये. एका रोपवाटिकेतून मी ‘लिंबू’ म्हणून आणलेले रोप घरी आल्यावर चक्क गुलाबाचे निघाले. आणि लाल-केशरी भरघोस फुलांचे, पानावर गडद वर्तुळ असलेले जे जिरेनियम हिवाळ्यात सगळीकडे दिसते ते शोभेचे आहे. त्याच्या पानांना उग्र, कच्चा वास येतो. ते खाण्यात वापरू नये.

वास पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथीयुक्त केसांत असतो. भिंगातून पाहिले तर देठावर आणि पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्यासारखे चमकणारे ठिपके दिसतात. पान चोळले की ते फुटतात. गुलाबगंधी पानात सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल ही द्रव्ये मुख्य असतात, आणि हीच दोन्ही गुलाबाच्या अत्तरातही असल्यामुळे हा वास आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो. त्यात मागून येणारी पुदिन्यासारखी एक गार छटा आहे, ती आयसोमेंथोनची. गुलाबपाण्यात ती नसते, आणि मला तर या पानाची खरी गंमत तिच्यातच वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय, पाने वापरता येतात, पण तमालपत्रासारखी: वास उतरवून घ्यायचा आणि पान काढून टाकायचे. केसाळ पान दाताखाली चांगले लागत नाही. भूमध्य समुद्राच्या काठावर ही रीत जुनी आहे. सायप्रसमध्ये साखरेच्या पाकातल्या मिठाईत हे पान टाकतात, आणि ट्युनिशियात त्याचे अर्कपाणी काढून ते पक्वान्नांत व कॉफीत घालतात. आपल्या पदार्थांतही ते छान बसते, फक्त उष्णतेचे भान ठेवावे लागते. पहिल्यांदा मी बासुंदी आटायला ठेवतानाच आठ पाने टाकली आणि ती तासभर दुधात उकळली. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घेतला, वाटी खाली ठेवली आणि “दूध साबणाच्या हाताने तापवलंस का गं?” असे अगदी सहानुभूतीने विचारले. उकळल्याने वरचा नाजूक वास उडून जातो आणि कडवट, साबणी भाग मागे राहतो. तेव्हापासून पाने नेहमी विस्तव बंद केल्यावरच टाकते.

सगळ्यांत निर्धोक सुरुवात म्हणजे पानांची साखर. आठ-दहा मध्यम पाने धुऊन, पुसून, कापडावर एक संध्याकाळ वाऱ्यावर टाकावीत; जराही ओली राहिली तर साखरेचे खडे होतात. काचेच्या बरणीत पाव किलो साखर आणि पाने यांचे थर द्यावेत, झाकण घट्ट लावावे आणि दोन-तीन दिवसांनी बरणी हलवत राहावे. दोन आठवड्यांत साखरेला वास लागतो. ही साखर दळून श्रीखंडात घातली तर अर्ध्या किलो चक्क्याला फार सुरेख होते, मात्र त्यात वेलदोडा घालू नये; वेलदोडा या वासाला उभे राहू देत नाही. केशराशी त्याचे भांडण नाही. जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हाच हे झाडही ऐन भरात असते. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर ही साखर भुरभुरून अर्धा तास झाकून ठेवावी, बाकी काहीही करू नये.

सरबतासाठी वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी यांना उकळी आणून गॅस बंद करावा, सहा-सात पाने हाताने किंचित चुरडून त्यात टाकावीत, वीस मिनिटे झाकून मग गाळून घ्यावे. हा पाक फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो आणि लिंबू सरबतात दोन चमचे पुरतो. रव्याचा केक करताना भांड्याला तूप लावून तळाशी पाच पाने उलटी मांडावीत आणि वर मिश्रण ओतावे. केक पालथा घातल्यावर पानांची नक्षी उमटते, पाने सोलून काढावीत. बिनदुधाच्या चहात एक पान चांगले लागते. दुधाच्या चहात मला ते अजिबात आवडत नाही, आल्याबरोबर तर नाहीच.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पाने लगेच खाण्यात घेऊ नयेत. त्यावर कोणती औषधे फवारली आहेत हे आपल्याला कळत नाही. असलेली पाने खुडून टाकावीत आणि दोनएक महिन्यांनी आलेली नवी पाने वापरावीत. घरी पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी आलीच तर साबणाच्या पातळ पाण्याने पाने धुणे मला पुरले आहे. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांना पाने चोळल्यावर कधी कधी पुरळ येते, तेव्हा आधी मनगटावर लावून पाहावे. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. ही पाने त्यांना बाधतात, उलट्या होतात. बाजारात मिळणारे जिरेनियमचे तेल मात्र पोटात घेण्याची वस्तू नव्हे.

तेलावरून आठवले: घरच्या पानांचे तेल कुकरमधून काढता येईल का, असे मला फार जण विचारतात. साधारण एक टन ताज्या पाल्यापासून एक किलोच्या आसपास तेल निघते. आपल्या दहा कुंड्यांचा मिळून दोन किलो पाला निघाला तरी तेल दोन ग्रॅम, तेही भांड्याच्या कडेलाच चिकटून बसेल. शिवाय कुकरच्या शिट्टीच्या नळीला रबरी नळ्या जोडण्याचे प्रयोग धोक्याचे असतात. त्यापेक्षा पाने सावलीत पाच-सहा दिवस वाळवून मलमलच्या पुरचुंडीत कपड्यांच्या कपाटात ठेवावीत. गुलाबगंधी पानांचा वास वाळल्यावरही काही महिने राहतो, लिंबाचा तितका राहत नाही. ताजी पाने मरव्यासारखी गजऱ्यात ओवतात, तीही छान दिसतात आणि संध्याकाळपर्यंत मलूल होत नाहीत.

उरला डासांचा प्रश्न. ‘मॉस्किटो प्लँट’ म्हणून विकले जाणारे झाड हे याच कुळातले आहे आणि त्याच्या पानांत सिट्रोनेलाची आठवण देणारा वास आहे, हे खरे. परंतु तो वास ग्रंथींत बंद असतो आणि नुसत्या उभ्या झाडातून डासाला अडवेल इतका बाहेर पडत नाही. फ्लोरिडात याची रीतसर चाचणी झाली आणि झाडाजवळ बसलेल्या माणसांना डास तितकेच चावतात, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या गच्चीवर तर ते पानांच्या खाली आरामात बसलेले असतात. तेव्हा जाळी लावावी, आणि ताटल्यांविषयी वर सांगितले आहेच.

आपल्या तिसऱ्या रोपाला आता वेळ अगदी अनुकूल आहे. या आठवड्यात ते कुंडीतून हलकेच काढून मुळांभोवतीचा कोकोपीट बोटांनी जितका सहज सुटेल तितका सोडवावा, वर दिलेल्या मिश्रणात आठ इंची मातीच्या कुंडीत लावावे, चार दिवस सावलीत ठेवून मग उन्हात आणावे. पंधरा दिवसांनी शेंडे खुडावेत. फेब्रुवारीत निदान चार काड्या लावाव्यात आणि त्यांतली एक शेजारी किंवा बहिणीकडे द्यावी. माझे सगळ्यांत जुने वाण दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्याकडून गेले, आणि पौड रस्त्याला राहणाऱ्या नणंदेच्या बाल्कनीतून परत आले.